दिवस मावळायच्या आधीचं औषध

माझी आक्का बहिरी झाली तेव्हा मी सतरा वर्षांची होते. तोंडाची मी इतकी तिखट, की आप्पा म्हणायचे, कुणावर सूड उगवायचा असेल तरच हिला त्याच्या घरी द्यावी. आक्का माझ्या अगदी उलट. ती कमी बोलायची, आणि बोलली की त्यात काडीइतकंही वाढवून सांगायची नाही. तिच्या या सवयीचा मला लहानपणापासून राग होता, कारण त्यापायी मी कितीदा तरी मार खाल्ला होता. गूळ कुणी खाल्ला असं आव्वानं, म्हणजे आमच्या आईनं, विचारलं, की आक्का स्वतःचं नाव आधी सांगायची आणि मग माझं.

आम्ही निपाणीचे. आप्पांचा तंबाखूचा व्यापार. आक्काला संकेश्वराजवळच्या एका गावात दिली होती, उसाच्या मळ्यात बुडालेल्या, आमच्यासारख्याच जैन घरात. त्या वर्षी चातुर्मासात ती माहेरी आली आणि आल्या आल्या थंडीतापानं धरली. तीन गोधड्या घातल्या तरी दात वाजायचे थांबत नव्हते. आप्पांनी गावातल्या डॉक्टरांना घरी आणलं.

हे डॉक्टर पुण्याकडचे, पण निपाणीत चांगले रुळलेले. हाताला गुण होता. सगळ्या पेठेत ज्याला त्याला त्यांचंच औषध लागू पडायचं. त्यांनी आक्काची जीभ बघितली, पोट दाबलं आणि कोयनेलचं, म्हणजे हिवतापावरच्या क्विनाईनचं, औषध दिलं. बाटलीवर कात्रीनं कातरलेली कागदाची पट्टी चिकटवलेली, एक कातरा म्हणजे एक डोस. "सकाळी एक, संध्याकाळी एक, रात्री निजताना एक," डॉक्टर म्हणाले. "कानात वाजायला लागेल. घाबरायचं नाही. वाजायला लागलं की समजा, औषध लागू पडलं."

आक्काचा चातुर्मासाचा नेम होता. दिवस मावळल्यावर अन्न नाही, पाणी नाही, औषधाचा थेंबही नाही. आमच्या घरात तर आम्ही पोरंसुद्धा दिव्याच्या उजेडात जेवलेलो नाही. मग रात्रीच्या डोसाचं काय करायचं? हा प्रश्न आमच्या घरात कुणाला पडलाच नाही. संध्याकाळचा डोस झाला की पाठोपाठ रात्रीचाही घ्यायचा, दिवस मावळायच्या आत. चतुर्दशीला आक्काचा कडक उपास असायचा. त्या दिवशीचं औषध दुसऱ्या दिवशी भरून काढायचं. आव्वानं ते इतक्या सहज केलं, की त्यात विचारायचं असं काही होतं हेच आम्हाला माहीत नव्हतं. आणि डॉक्टरांना उलटून सांगायची आमच्यात रीत नव्हती. ते सांगायचे, आपण मान हलवायची.

ताप उतरायचा आणि परत यायचा. डॉक्टरांनी औषध आणखी कडक केलं. मग एक दिवस आक्का म्हणाली, "आव्वा, कानात रातकिडं वराडाय लागल्यात गं." आव्वाला इतका आनंद झाला की तिनं शेजारणीला हाक मारून सांगितलं, "औषध लागू पडलं बघ आमच्या पोरीला!" मी तर आक्काच्या कानाला कान लावून ते रातकिडे मलाही ऐकू येतात का बघत होते. आम्ही सगळे हसत होतो.

ताप गेला. रातकिडेही हळूहळू गेले. त्यांच्यामागे काही उरलंच नव्हतं. आक्का अंगणात उभी होती, मी मागून हाक मारली, परत मारली, आणि मग ओरडले. ती कबुतरांना जोंधळे टाकत राहिली.

डॉक्टर म्हणाले, काही दिवसांत येतील कान ताळ्यावर. आले नाहीत. आणि मग संकेश्वराकडून आक्काचे सासरे आले. त्यांना घटकाभर बसायचीही उसंत नव्हती. आप्पांची एक आत्या म्हातारपणी बहिरी झाली होती, ते त्यांनी कुठून तरी हुडकून काढलं होतं. "तुमच्या रक्तातच हाय हे," ते म्हणाले. "लपवून पोरगी दिलीसा आमाला. उद्या नातवंडं बहिरी जल्मली तर?" त्यांनी मुलासाठी दुसरी मुलगी बघायला घेतली होती. तेव्हा त्यात बेकायदा असं काही नव्हतं. आक्काचा नवरा सासऱ्यांच्या मागे उभा होता, मान खाली घालून. तो चांगला माणूस होता, असं मला तोपर्यंत वाटायचं. मी त्याला तोंडावर भित्रा म्हटलं आणि आव्वाची चापट खाल्ली.

ती गोष्ट तिथंच थांबली नाही. चिकोडीकडून माझ्यासाठी आलेलं स्थळ न बोलता मागे गेलं. बहिरं घराणं असा शिक्का आमच्या दारावर बसला. पण मला माझ्या स्थळाचं दुःख नव्हतं, खरंच नव्हतं. आक्का दिवसभर दाराकडे तोंड करून बसायची, कुणी आलं तर कळावं म्हणून, ते बघवत नव्हतं.

शेवटी आप्पा आक्काला आणि मला घेऊन बेळगावला गेले, टिळकवाडीतल्या एका वकिलांकडे. आक्काशी बोलायला पाटी लागायची आणि घरात माझं अक्षर सगळ्यांत बरं, म्हणून मी. वकील म्हातारे होते, अंगात अलपाकाचा कोट. कायदा म्हणजे पोलिसाची काठी, एवढंच मला माहीत होतं. त्या दिवशी त्यांच्या बैठकीत मी जे ऐकलं त्यानं तोंडाचा आ झाला. औषधानं माणसाचं नुकसान झालं तर काय करायचं, याचा विचार कुणी तरी आधीच, आम्ही जन्मायच्याही आधी, करून ठेवला होता!

वकील सावकाश सांगत होते. फौजदारी करता येते. पण डॉक्टरानं अगदी बेफिकिरीनं, जिवाची पर्वा न करता औषध दिलं हे सिद्ध करावं लागेल, आणि ते इथं दिसत नाही. औषधात भेसळ असेल तर तो वेगळा गुन्हा. पण त्यासाठी औषध तपासायला हवं. औषध कुठं होतं? आव्वानं बाटली धुऊन त्यात एरंडेल भरून ठेवलं होतं. मुंबईला डॉक्टरांची नोंद ठेवतात, तिथं तक्रार करता येते. त्यांनी मनावर घेतलं तर डॉक्टरचं नाव काढतील, पण तुमच्या पोरीला त्यातून काय मिळणार? राहिला दिवाणी दावा, नुकसानभरपाईचा. त्याला मुदत एक वर्षाची, म्हणजे हात चालवायला हवा. डॉक्टरानं जितकी काळजी घ्यायला हवी होती तितकी घेतली नाही, आणि त्यामुळंच कान गेले, या दोन्ही गोष्टी आपल्याला दाखवाव्या लागतील.

आप्पांनी भरपाईबद्दल एक अक्षर विचारलं नाही. ते म्हणाले, "वकीलसाब, कान औषधानं गेलं का रक्तातनं गेलं, ह्ये कोर्ट सांगंल का?"

वकिलांनी चष्मा काढला. "दावा चालला तर कोर्टाला त्या मुद्द्यावर बोलावंच लागेल. काय बोलेल ते मात्र मी सांगू शकत नाही."

"बास," आप्पा म्हणाले. "तेवढंच पायजे."

मग वकिलांनी आक्काला औषध कसं घेतलं ते विचारलं. मी पाटीवर लिहिलं. आक्कानं सगळं सांगितलं, दोन डोस एकदम घेतल्याचंही. "कोर्टात खोटं बोला असं मी कधी कुणाला सांगितलेलं नाही," वकील म्हणाले. "विचारलं तर सांगायचं. नाही विचारलं तर आपणहून सांगायला जाऊ नका." मी तेही पाटीवर लिहिलं. आक्कानं वाचलं आणि पाटी मला परत दिली.

खटल्याच्या वेळी आम्ही शहापुरात मावशीकडे उतरलो. तेव्हा शहापूर संस्थानात आणि बेळगाव इंग्रजांत. सकाळी दशमी खाऊन निघालं की चालता चालता राज्य बदलायचं. मावशीच्या गल्लीत घरोघरी माग. पहाटेपासून खटखट सुरू व्हायची, बोललेलं ऐकू यायचं नाही. पहिल्या दिवशी मी बघितलं, आक्का मावशीच्या भिंतीला तळहात लावून उभी होती. पलीकडच्या घरात लुगडं विणत होते. "चालू हाय माग," ती म्हणाली, आणि थोड्या वेळानं, "थांबला. धागा तुटला वाटतं." मी पलीकडे डोकावून आले. खरंच तुटला होता. त्या दिवशी मला पहिल्यांदा तिची कीव वाटायची थांबली.

साक्षीच्या दिवशी सकाळी आमचे मामा पाटी घेऊन आक्कासमोर बसले. मामा आमच्या घरातले हुशार म्हणून नावाजलेले. त्यांनी लिहिलं, "दिवसाला तीन डोस घेतले, एवढंच सांग." मग तोंडानंही म्हणाले, जणू तिला ऐकू येणार होतं, "तीनच घेतलंस न्हवं? मग ह्यात खोटं काय हाय गं?" मला ते पटलं. अगदी मनापासून पटलं. तीन ते तीनच. आक्कानं पाटी तळहातानं पुसली, पदर सारखा केला आणि देवदर्शनाला बस्तीत, आमच्या जैन मंदिरात, जाऊन आली.

कोर्ट मी त्याआधी बघितलं नव्हतं. उंच छत, वरून लोंबणारा मोठा पंखा, तो ओढणारा माणूस दाराबाहेर. न्यायाधीश आमच्याकडचेच होते, कानडी आणि मराठी दोन्ही बोलणारे. आक्काला ऐकू येत नाही हे कळल्यावर त्यांनी मला तिच्याशेजारी उभं राहू दिलं. प्रश्न मी पाटीवर लिहायचा, लिहिलेलं दोन्ही वकिलांना दाखवायचं, मग आक्कानं वाचायचं. प्रत्येक प्रश्नाला वेळ लागायचा. खोकणारेही खोकायचे थांबले होते. एका बहिऱ्या बाईचं म्हणणं ऐकायला एवढं मोठं दालन गप्प बसतं, हे बघून माझ्या अंगावर काटा आला. आमच्या घरातसुद्धा तिच्यासाठी एवढं कुणी थांबलं नव्हतं.

आक्कानं शपथ घेतली. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यानं ती फार मोठ्यानं बोलायची. पहिल्या वाक्यालाच पट्टेवाला दचकला.

सगळं नीट चाललं होतं. ताप, बाटली, कानातले रातकिडे. डॉक्टरांच्या वकिलांनी पुष्कळ विचारलं. सासरे साक्षीदार म्हणून आणले गेले नसले तरी मागच्या बाकावर आक्काच्या नवऱ्यासह येऊन बसले होते. शेवटी त्या वकिलांनी विचारलं, "डॉक्टरांनी दिवसाला तीन डोस सांगितले होते. तुम्ही तीनच घेतलेत?"

मी लिहिलं. आक्कानं वाचलं. "व्हय. तीनच."

वकील खाली बसायला वळले. मामांनी सुस्कारा सोडला, तो मला तिथपर्यंत ऐकू आला. आमच्या वकिलांनी हातातला कागद टेबलावर ठेवला. आणि आक्का तशीच मोठ्यानं म्हणाली, "पर सांगितल्यागत न्हाय घेतलं. संध्याकाळचा आन् रात्रीचा एकदम घेतला, रोज. माझा नेम हुता. चतुर्दशीचं ऱ्हायलेलं दुसऱ्या दिवशी घेतलं. डॉक्टरांनी तसं सांगितलं नव्हतं."

कुणी विचारलं नव्हतं तिला! माझ्या हातातला खडू मोडला. मला तिला गदागदा हलवावंसं वाटलं. आणि त्याच वेळी, कसं सांगू, मला तिच्या पाया पडावंसं वाटलं. इतकी भीती आणि इतका अभिमान मला एका वेळी परत कधी वाटला नाही.

डॉक्टरांचे वकील अर्धवट बसलेले उठले ते मुंडावळ्या बांधल्यासारख्या थाटात. आता त्यांना अडवणारं कुणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी बेळगावच्या सिव्हिल सर्जनला साक्षीला उभं केलं. साहेब माणूस, तो इंग्रजीत बोलायचा आणि शिरस्तेदार मराठीत सांगायचा. कोयनेलचे दोन कडक डोस एकावर एक, रोज, आठवडेच्या आठवडे, याचा परिणाम काय होतो? कानाची नस मरते, साहेब म्हणाला. कान परत येतात का? कधी येतात, कधी नाही. या बाईंचे कान कशानं गेले? त्यानं आक्काचे कान तपासले होते. औषधानंच, साहेब म्हणाला, औषधाच्या जादा मात्रेनं, यात मला शंका नाही. डॉक्टरांचे वकील खूष होऊन आमच्याकडे बघत होते.

मी आमच्या वकिलांकडे बघितलं. म्हातारा अगदी स्तब्ध बसला होता आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मग मला उमगलं. आम्हाला जे सिद्ध करायचं होतं, आणि ज्यासाठी आमच्याकडे एकही साहेब नव्हता, ते समोरचा वकील स्वतःच्या खर्चानं, शपथेवर, सगळ्या जगासमोर सिद्ध करून देत होता. मागच्या बाकावर सासरे पागोटं काढून मांडीवर ठेवून बसले होते.

शेवटी डॉक्टर उभे राहिले. "वाजायला लागलं की लागू पडलं समजा," असं सांगितलं होतं का, हे आमच्या वकिलांनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, "सांगितलं होतं." नाकारता आलं असतं त्यांना; तिथं आमच्याशिवाय कुणी नव्हतं. मग न्यायाधीशांनीच विचारलं, "तुमच्याकडे जैन पेशंट किती येतात?"

"निम्म्याहून जास्त, साहेब."

"चातुर्मासात ते रात्री औषध घेतात?"

डॉक्टर आक्काकडे बघत होते. "मी कधी विचारलं नाही," ते म्हणाले. "विचारायला हवं होतं." त्यांच्या वकिलांनी कपाळाला हात लावला. इतक्या मोठ्या डॉक्टरनं, जिंकत आलेला दावा हातात असताना, हे म्हणावं! त्या माणसाचा मी वर्षभर मनातल्या मनात उद्धार करत आले होते. त्या दिवशी तो बंद झाला. त्या कोर्टात माणसं एकामागून एक खरं बोलत होती, आणि त्याची सुरुवात माझ्या आक्कानं केली होती.

निकाल आमच्याविरुद्ध लागला. औषध सांगितल्याप्रमाणे घेतलं नाही, म्हणून भरपाई नाही; ज्याचा खर्च त्यानं सोसावा. पण त्याआधी न्यायाधीशांनी वाचलं की वादी बाईंचं बहिरेपण कोयनेलच्या जादा मात्रेनं आलेलं आहे, उपजत किंवा आनुवंशिक नाही, आणि बाईंच्या खरेपणाबद्दल कोर्टाच्या मनात किंचितही शंका नाही. मी ते शब्दन् शब्द पाटीवर लिहीत होते. आप्पा रडत होते आणि हसतही होते. दावा हरलेला माणूस असा रडताना हसतो का, म्हणून पट्टेवाला बघत राहिला.

बाहेर व्हरांड्यात मी आक्काला पाटीवर विचारलं, तुला माहीत होतं का गं, असं होईल म्हणून?

"न्हाय," ती म्हणाली. "मला वाटलं, हरलो." मग म्हणाली, "त्या माणसानं माझा ताप घालवला. त्याच्यावर अर्धं खोटं कसं टाकायचं?"

पंधरवड्याच्या आत सासरे आणि नवरा गाडी जोडून आमच्या दारात आले. सासऱ्यांनी आप्पांचे हात धरले, चूक झाली म्हणाले, सुनेला न्यायला आलो म्हणाले. दुसऱ्या मुलीकडे त्यांनी नकार कळवला होता. आव्वाची चुलीकडे धांदल उडाली. मी मात्र पेटले होते. कोर्टाच्या शिक्क्यावाचून ज्यांना आपली सून कळत नाही त्यांच्या घरी कशाला जायचं, असं मी सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले.

आक्का उंबऱ्यावर उभी होती. तिनं सासऱ्यांकडे बघितलंच नाही. ती नवऱ्यासमोर जाऊन थांबली आणि त्या तिच्या मोठ्या, स्वतःला ऐकू न येणाऱ्या आवाजात तिनं विचारलं, "निकालात तसं आलं नसतं, तर तुमी आला असतासा का मला न्यायला?"

गल्लीत लोक थांबले होते. त्याला नुसती मान हलवायची होती. बहिऱ्या बायकोला तेवढंच पुरलं असतं, आणि सगळे सुटले असते. सासऱ्यांनी त्याला कोपरानं ढोसलंसुद्धा. त्यानं वर बघितलं. त्याचे डोळे भरले होते. आणि त्यानं मान हलवली ती आडवी.

नाही. आलो नसतो.

आक्का त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिनं पदर खांद्यावरून घेतला आणि आत जाऊन सासरी न्यायच्या ट्रंकेत लुगडी भरायला लागली.